मेमरी कार्डाचा भाव

गावाकडे काकांच्या मोबाइलसाठी मेमरी कार्ड घ्यायचं होतं म्हणून मागच्या आठवड्यात दुकानात गेलो. १२८ जीबीच्या कार्डाचा भाव ऐकला आणि वाटलं, चुकून दुसऱ्या कशाचा तरी सांगतोय. दुकानदार म्हणाला, "साहेब, भाव वाढलेत. थांबाल तर आणखी वाढतील." घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की माणूस खोटं बोलत नव्हता. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप्सचे भाव चढलेत, कारण एआयच्या डेटा सेंटर्सना मिळेल तेवढी मेमरी हवी आहे आणि कारखानेही आधी त्यांनाच माल देतात.

मला धक्का बसला तो पैशांचा नाही. गेली वीस वर्षं मेमरी कार्ड म्हणजे दरवर्षी स्वस्त होणारी वस्तू, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. सोनं महागणार, तूरडाळ महागणार, पेट्रोल महागणार, पण मेमरी स्वस्तच होणार! आणि या समजुतीची किंमत मी एकदा चांगलीच मोजली आहे. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक सुरू झाला. भारतात बनवलेल्या पहिल्या संगणकांपैकी हा एक. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्याची मेमरी होती २०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० बिटचा. गुणाकार केला तर ८१,९२० बिट होतात, म्हणजे बरोबर १० केबी. ही मेमरी चुंबकीय कड्यांची होती. एका बिटाला फेराइटची एक बारीकशी कडी आणि त्या कड्यांमधून ओवलेल्या तारा. मण्यांची माळ ओवावी तसं काम.

१० केबी म्हणजे किती? हा लेख तुम्ही वाचताय ना, तो साठवायला दोनाहून जास्त टिफ्रॅक लागतील. त्यातही एक गंमत आहे. आजकाल आपण युनिकोडमध्ये लिहितो. त्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत (केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केलेली) इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. आमच्या गावाचं नाव घ्या, 'रिठद'. र, वेलांटी, ठ आणि द अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. त्याआधीच्या इस्की या भारतीय मानकात हेच नाव चार बाइटमध्ये बसायचं. १९९१ सालचं ते मानक आठवतंय का कुणाला? सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे साध्या डॉसच्या पडद्यावर मराठी दिसायला लागलं, त्या काळची ही गोष्ट. पुण्याच्या याच सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, तोपर्यंत अकोल्यातच होता. त्यामुळे 'आपल्या जिल्ह्याचा माणूस' ही फुशारकी आम्ही शाळेत भरपूर मारली आहे :-)

आता कायमस्वरूपी साठवणीकडे वळू. पहिली हार्ड डिस्क आयबीएमची, १९५६ सालची. रॅमॅक नावाच्या यंत्राचा हा भाग होता. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाहून जास्त आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. पूर्ण यंत्र महिना ३,२०० डॉलर भाड्याने मिळायचं. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क टेबलावर आली. २००७ मध्ये हिताचीने १ टीबीची डिस्क आणली. १० एमबी ते १ टीबी म्हणजे एक लाख पट, तेही चोवीस वर्षांत.

मेमरी कार्डाचं घराणं मात्र वेगळं आहे. त्यात फिरणारी तबकडी नाही. १९६७ साली बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी असा ट्रान्झिस्टर बनवला की ज्यात चारी बाजूंनी बंद असलेल्या एका कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवता येतात. वीज गेली तरी ते आतच राहतात. पुढे तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी मांडली आणि १९८७ साली तिचा नँड हा प्रकार. तुमच्या-माझ्या खिशात आहे तो हाच. १९८८ साली अमेरिकेत तिघांनी मिळून सॅनडिस्क काढली. त्यांच्यातले एक संजय मेहरोत्रा, मूळचे कानपूरचे. १९९१ मध्ये त्यांनी २० एमबीची फ्लॅश डिस्क आयबीएमला विकली, अंदाजे हजार डॉलरला. म्हणजे एका एमबीला ५० डॉलर. त्या भावाने आज काकांचं १२८ जीबीचं कार्ड ६४ लाख डॉलरचं झालं असतं!

एसडी कार्ड १९९९ साली पॅनासोनिक, तोशिबा आणि सॅनडिस्क यांनी मिळून ठरवलं. नखाएवढं मायक्रोएसडी २००५ सालचं, लांबी १५ मिमी आणि रुंदी ११ मिमी. मूळ एसडीची मर्यादा २ जीबी होती. २००६ च्या एसडीएचसीने ती ३२ जीबी केली, २००९ च्या एसडीएक्ससीने २ टीबी. भाव पडले ते तीन कारणांनी. एक, ट्रान्झिस्टर बारीक होत गेले. दोन, एका कप्प्यात एकाऐवजी दोन, तीन, चार बिट ठेवायला लागले. तीन, जमीन संपली की शहरात मजले चढवतात तसे कप्पे एकावर एक रचायला लागले. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची चिप आणली. आता २०० च्या वर थर असतात.

हे सगळं जपान-अमेरिकेत चाललं होतं तेव्हा रिठदला काय होतं? रिसोड तालुक्यातलं आमचं गाव. सोयाबीन, तूर, हरभरा आणि भारनियमन. २००४ साली पुण्यात नोकरीला लागल्यावर मी १२८ एमबीचा पेनड्राइव्ह दोन हजाराच्या आसपास घेतला होता आणि तो गळ्यात अडकवून फिरायचो (हसू नका, तेव्हा सगळेच फिरायचे). चार-पाच वर्षांत गावातल्या पोरांच्या हातात मोठ्या आवाजाचे चायना मोबाइल आले आणि त्यात १ जीबी, २ जीबीची कार्डं. इंटरनेट नव्हतंच. तालुक्याच्या गावी मोबाइल दुकानात पाटी असायची, 'गाणी भरून मिळतील'. जीबीमागे दहा-वीस रुपये. दळण टाकावं तसं कार्ड टाकायचं आणि बाजार उरकून परत घ्यायचं. काकांनी पहिल्यांदा कार्ड तळहातावर घेऊन विचारलं होतं, "काहून बे, एवढ्याशा टिकलीत एवढे गाणे मावतात?"

तर आता ती गोष्ट. २०११ च्या दिवाळीला गावी निघालो तेव्हा पुण्यात रस्त्याकडेच्या एका टपरीवर ३२ जीबीचं कार्ड सहाशे रुपयात दिसलं. नामवंत दुकानात तेच कितीतरी महाग होतं. मला वाटलं, मेमरी आहे, भाव पडला असेल. घेतलं. काकांच्या फोनमध्ये टाकलं, त्यांनी तालुक्याला जाऊन सहा जीबी गाणी भरून आणली. वर आणखी २६ जीबी रिकामी, सगळे खूश.

माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत. गावात पिठाची गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडलं होतं, पण ओव्या तिच्या डोक्यात होत्या. भाऊबीजेच्या रात्री आत्यानं तिला आग्रह केला. लाइट नव्हती. कंदिलाच्या उजेडात आजीने जवळजवळ दोन तास म्हटल्या, मधेच थांबून कुठली कोणाकडून शिकली तेही सांगितलं. काकांच्या फोनवर मी रेकॉर्ड केलं. फोनची बॅटरी संपत आली होती म्हणून परत लावून ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघालो.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. "बाबू, फोनात नावं दिसून राह्यले, पण आवाज नाही येऊन राह्यला."

कार्ड बनावट होतं. त्यात चिप होती ४ जीबीची. पण कार्डातला छोटा कंट्रोलर फोनला सांगत होता की मी ३२ जीबीचा आहे. फाइलची नावं आणि आकार ज्या तक्त्यात लिहितात तो कार्डाच्या सुरुवातीला असतो, म्हणून नावं शाबूत. पण ४ जीबीच्या पुढचं जे लिहिलं, ते कंट्रोलरने 'लिहिलं' असं सांगून टाकून दिलं. गाण्यांनीच ४ जीबी ओलांडले होते. ओव्या त्यानंतरच्या. मी रिकव्हरीची सगळी सॉफ्टवेअरं चालवली. पण पुसलेलं परत आणता येतं, कधी लिहिलंच गेलं नाही ते कुठून आणणार?

पुन्हा रेकॉर्ड करू, असं ठरलं. त्यासाठी बाहेरची हार्ड डिस्कही घ्यायची होती, पण नेमका त्याच वेळी थायलंडमध्ये पूर आला, तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि हार्ड डिस्कचे भाव दुपटीच्या घरात गेले. उन्हाळ्यात उतरतील, तेव्हा घेऊ, म्हटलं. उन्हाळ्याच्या आधीच आजी गेली.

एरवी कार्ड तपासणं अवघड नसतं. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारखी फुकट सॉफ्टवेअरं पूर्ण कार्ड ठरावीक आकड्यांनी भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. मी रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमध्ये 'लिहिलं ते परत वाचून बघा' असं सांगणारा माणूस. घरी मात्र विसरलो.

याच कामाचं दुसरं टोकही महाराष्ट्रातच आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांचा डेटाबेस केला आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आल्या आहेत. मी हिशेब करून बघितला. एका ओवीत अंदाजे ८० चिन्हं धरली तर इस्कीत लाख ओव्या म्हणजे ८ एमबी. १९८३ सालच्या त्या १० एमबीच्या डिस्कवर सगळ्या बसल्या असत्या! आवाज मात्र जागा खातो. सीडीच्या दर्जाचा १२० तासांचा आवाज म्हणजे सुमारे ७६ जीबी. तोही आज काकांच्या कार्डात मावेल. जागेचा प्रश्न कधीच सुटला आहे. त्यांच्या ओव्या राहिल्या त्या कोणीतरी वेळेवर गेलं, लिहून घेतलं आणि पुन्हापुन्हा तपासलं म्हणून.

आणि टिकण्याचं म्हणाल, तर वाशिममध्येच १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. चौथ्या शतकातला. सोळाशे वर्षांनंतरही वाचता आला. फ्लॅशच्या कप्प्यातले इलेक्ट्रॉन मात्र हळूहळू गळतात. कार्ड वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर फोटो आपोआप खराब होऊ शकतात. म्हणून कार्ड ही ठेवण्याची जागा नाही, नेण्याची आहे. ठेवायचं ते दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा.

आमच्याकडे शेवटी काय उरलं? त्या रात्री आत्या कंदिलापाशी दोनशे पानी वही घेऊन बसली होती. तिला सगळ्या टिपता आल्या नाहीत, फक्त चाळीस. मागच्या वर्षी मी त्या टाइप केल्या. फाइल झाली साडेनऊ केबीची. टिफ्रॅकच्या मेमरीत जेमतेम बसेल एवढी.

ती फाइल आता माझ्याकडे, आत्याकडे, काकांकडे आणि दोन चुलतभावांकडे आहे. काकांसाठी १२८ जीबीचं कार्ड मी वाढलेल्या भावानेच घेतलं, पक्क्या बिलासकट. रात्रभर लावून पूर्ण तपासलं. बरोबर निघालं. आत्या आता सत्तरीची आहे, आणि तिलाही बऱ्याच ओव्या येतात असं परवा काका सहज बोलून गेले. पुढच्या शनिवारी रिठदला चाललोय.