लेखणी-फलकावरील चित्रण

लेखणी-फलकावरील चित्रण : सपाट फलकावर लेखणी फिरवून संगणकाच्या पडद्यावर कुंचल्याचे फटकारे उमटविण्याची पद्धती. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने १९६४ मध्ये तयार केलेल्या फलकाचे रेखनक्षेत्र सु. २५ सेंमी. लांब-रुंद असून त्यावरील सु. १० लक्ष स्थाने ओळखता येत. झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ मध्ये ‘सुपरपेंट’ ही रंगचित्रण प्रणाली सिद्ध केली. तथापि कंपनीने रंगीत चित्रणाचा मार्ग सोडल्याने त्यांचे सहकारी ॲल्व्ही रे स्मिथ यांना तेथून बाहेर पडावे लागले. पुढे न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्मिथ व एड कॅटमल यांनी १९७७ च्या सुमारास प्रत्येक चित्रबिंदूच्या रंगाबरोबर त्याची अपारदर्शकताही साठविण्याची ‘अल्फा’ संकल्पना मांडली. टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये प्रतिमा-संयोगाचे गणिती नियम प्रसिद्ध केले.

अंकीय फटकारा हा सामान्यतः अंशतः एकमेकांवर पडणाऱ्या ठशांची मालिका असतो. २०% अपारदर्शक ठसा त्याच जागी दोनदा पडल्यास अपारदर्शकता ३६%, तर तीनदा पडल्यास ४८·८% होते. परिणामी एकसंध लेपाऐवजी गडद मण्यांची माळ दिसते. हा दोष टाळण्यासाठी संपूर्ण फटकारा वेगळ्या पटलावर पूर्ण अपारदर्शक रेखाटून नंतर इच्छित पारदर्शकतेने एकदाच मूळ चित्रात मिसळतात. लेखणीच्या स्थानांच्या नोंदी तुटक असल्याने त्यांमधून सलग वक्र काढून त्यावर समान अंतराने ठसे मांडतात. त्यामुळे जलद हस्तगतीतही रेषा कोनदार होत नाही. चित्रकाराच्या हाताचा ओघ यंत्रात टिकून राहतो, तो या दोन उपायांमुळेच.