कोबुर्गच्या ढालीवरील कृष्णमुख

जर्मनींत बव्हेरियाच्या उत्तर टोंकाला कोबुर्ग हें एक टुमदार शहर आहे. राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स अल्बर्ट ह्यांचें हें गांव, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे बहुतेकांस असते. वस्तुतः त्या राजघराण्यापेक्षां शहराच्या मानचिन्हाची हकीकत अधिक विचार करण्यासारखी आहे. सोनेरी ढालीवर एका कृष्णवर्ण पुरुषाचें मस्तक व त्याच्या कानांत सोन्याची बाळी, असें तें चिन्ह. हें मस्तक संत मॉरिशसचें होय.

मॉरिशस हा तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन सैन्यांतील एका ख्रिस्ती पलटणीचा नायक. ही पलटण इजिप्तमधील थीब्झची. बादशहाची आज्ञा धर्माविरुद्ध म्हणून तिनें मानली नाहीं, तेव्हां आल्प्स पर्वतांत तिची कत्तल झाली, असें परंपरा सांगते. ह्या कथेंत इतिहास किती, ह्याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. पूर्वीचे कारागीर त्यास गोराच दाखवीत. पुढें इ. स. १२४० च्या सुमारास माग्डेबुर्गच्या मुख्य देवळांत त्याची चिलखत घातलेली पाषाणमूर्ति घडली, तिला शिल्पकारानें स्पष्ट आफ्रिकी चेहरा दिला. नांवाचा मूळ लॅटिन अर्थहि 'मूर', म्हणजे काळ्या वर्णाचा, असाच आहे.

कोबुर्गचें मुख्य देऊळ ह्याच संताचें. १५३० सालीं मार्टिन ल्यूथर तेथील किल्ल्यांत कांहीं महिने राहिला व त्या देवळांत त्यानें प्रवचनेंहि केलीं. ल्यूथरच्या पंथांत संतांची पूजा नाहीं. तरी गांवानें आपला संत सोडला नाहीं!

खरें संकट आलें तें विसाव्या शतकांत. १९२९ सालीं नगरसभेंत नाझी पक्षास स्पष्ट बहुमत देणारें जर्मनींतील पहिलें शहर हेंच. ज्यांना वर्णशुद्धीचें वेड, त्यांना ढालीवर आफ्रिकी चेहरा कसा रुचावा? १९३४ सालीं तो पुसून तेथें तलवार आली आणि तिच्या मुठीवर स्वस्तिक. आपल्या उंबरठ्यावरील मंगलचिन्हाची ही विटंबनाच म्हणावयाची. १९४५ सालीं नाझी सत्ता कोसळली आणि मॉरिशस परत आला.

२०२० सालीं वाद पुन्हां उठला, पण उलट बाजूनें. जाड ओंठ व बाळी हें आफ्रिकी माणसाचें विडंबन आहे, तें काढा, असा अर्ज कांहींनीं केला. हा आमचा पूज्य रक्षक आहे व त्याला हटविणारे नाझी होते, असें दुसऱ्यांनीं उत्तर दिलें. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. चिन्ह राहिलें. गांवांतील गटारांच्या लोखंडी झांकणांवरहि तेंच मस्तक ओतलेलें आहे, आणि त्याचे कैवारीहि त्यावर पाय देऊनच बाजाराला जातात.