लस, भीती आणि माणसाचा अधिकार

लोक अडाणी, म्हणून लशीला भितात, असे आपल्याकडे फार सहज लिहिले जाते. हे विधान इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

मुंबईत देवीची लस १८०२ मध्ये आली. पुढे कित्येक दशके ती एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात टोचली जाई. त्यातून उपदंशासारखे रोग पसरण्याचा धोका होता. सवर्णांची तक्रार मात्र अस्पृश्याच्या अंगातली लस आपल्या अंगात नको, ही होती. ज्याच्या दंडातून ती काढली, त्या मुलाच्या आईला धोका कुणी सांगितला?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. रत्नागिरी जिल्ह्याचा माणूस तेव्हा तिथे गिरण्या-गोद्यांत राबत होता. साथीला भिऊन माणसे गावाकडे पळाली. १८९७ च्या कायद्याने सरकारला घरे तपासण्याचा, माणसे उचलून नेण्याचा अधिकार मिळाला. ज्या हाताने घर उघडे पाडले, तोच हात सुई घेऊन आला. मग माणसाने भिऊ नये तर काय करावे?

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतः टोचून घेतली आणि झालेला त्रास नोंदवला. नंतर ती भायखळ्याच्या कैद्यांना दिली. ते स्वेच्छेने पुढे आले म्हणतात. पण तुरुंगातल्या माणसाची इच्छा कितीशी मोकळी असते?

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवालला एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. चौकशीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करता वापरला गेला होता, हे मागाहून पुढे आले. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. लस खरी होती. तिच्यावरचा विश्वास मात्र या पाच वर्षांत जखमी झाला.

लशीने देवीचा रोग पृथ्वीवरून घालवला, हे सत्य आहे. तिचे धोके क्वचितचे असतात, हेही सत्य आहे. दोन्ही सत्ये एकत्र सांगणे म्हणजेच माणसाला माणूस मानणे. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुणावर लशीची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आणि लशीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्याचा आदेश दिला. हा आदेश मंडणगड-दापोलीच्या बौद्धवाडीतल्या आईपर्यंत तिच्या बोलीत पोहोचतो का? इतिहासाचा प्रश्न आज तिथे उभा आहे.