तृणमणी आणि धुराडे

नागपूर-हावडा लोहमार्गावरील भिलाई येथे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राष्ट्राला पोलाद मिळू लागले. पण पोलादाच्या कारखान्यातून धूळही निघते, आणि ती भोवतालच्या वस्तीच्या श्वासात शिरते.

तिच्यावरील उपाय एका प्राचीन नवलात दडलेला होता. लोकरीवर घासलेला तृणमणी गवताची काडी ओढून घेतो. त्याचे नावच या गुणावरून पडले. १६०० साली विल्यम गिल्बर्ट यांनी त्याच्या ग्रीक नावावरून या गुणाला ‘इलेक्ट्रिक’ म्हटले. घासताना इलेक्ट्रॉन एका पदार्थावरून दुसऱ्यावर जातात. ज्याला ते मिळतात तो ऋणभारित होतो, ज्याचे जातात तो धनभारित.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल यांनी ही ओढ कामाला लावली. धुराच्या वाटेत उच्च दाबाच्या विजेच्या तारा टांगल्या, की धूलिकण भारित होऊन शेजारच्या पत्र्यांना चिकटतात. पत्रे ठोकले, की धूळ खाली पडते. भिलाईच्या कारखान्यातही आज अशी यंत्रे आहेत.

काडी उचलणाऱ्या शक्तीला धुराड्यापर्यंत पोहोचण्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. यंत्र थांबले, तर धुळीला वस्तीपर्यंत पोहोचण्यास एक दिवसही लागत नाही.