विहिरीतले गोंडवन

आमच्या भंडाऱ्याकडच्या माणसाला ‘गोंडवन’ हा शब्द शिकवावा लागत नाही. देवगडच्या गोंड राजांचा अंमल या मुलखावर होता, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक असते. पण हाच शब्द जगाच्या भूगोलात कसा शिरला, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. १८७२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉट यांनी मध्य भारतातल्या एका खडकमालेला हे नाव दिले. १८८५ मध्ये एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन पंडिताने तेच उचलून दक्षिणेकडच्या एका प्राचीन महाखंडाला लावले. पुरावा म्हणून मी ग्लॉसोप्टेरिसच्या पानाचा ठसा सांगायचो. दगडातले पान ते, मुलांना त्याचे फारसे कौतुक नसे.

जिवंत पुरावा मला निवृत्तीनंतर वाचनात सापडला, आणि तोही विहिरीत!

१९५० साली चोप्रा आणि तिवारी या प्राणिशास्त्रज्ञांनी बनारसच्या विहिरींतून मिळालेल्या एका लहानशा, आंधळ्या, रंगहीन जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले. निकोल्सिया काशिएन्से हे त्याचे नाव. निकोल्स हे या गटाचा अभ्यास करणारे ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक, आणि काशी तर आपलीच. कोळंबी-खेकड्यांच्या मोठ्या गोतावळ्यातला हा प्राणी. त्याचे सख्खे म्हणावेत असे भाऊबंद कुठे आहेत? पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि टास्मानियात. एकूण गटाचे बाकीचे नातेवाईक न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत. हा जीव गोड्या पाण्यातला. त्याची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते. लाटांवर वाहत जाणारी पिल्ले तो सोडत नाही. मग समुद्र ओलांडला कसा? ओलांडलाच नाही. जमीनच फाटली आणि त्याला घेऊन निघाली. भारत ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकापासून सुटला त्याला तेरा कोटी वर्षांच्या आसपास झाली.

यात मला एक गंमत वाटते. काशी उभी आहे ती गंगेच्या गाळावर, आणि तो गाळ हिमालयातून आलेला, म्हणजे फार नवा. तेव्हा हा जीव मूळचा तिथला नव्हेच. दक्षिणेकडच्या जुन्या खडकांतून वाळूच्या कणाकणांमधून सरकत तो तिथे पोचला असणार. हे माझे अनुमान आहे, मात्र दुसरी वाट मला दिसत नाही.

अशा जीवांचे घर खोल गुहेतच असते असे नाही. डेव्हिड कल्व्हर आणि तान्या पिपान यांनी २०१४ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. जमिनीखाली दहा मीटरच्या आतल्या जागा त्यांनी घेतल्या आहेत : झऱ्याकाठची कुजलेल्या पानांखालची ओल, नदीच्या वाळूतले पाणी, खडकावरची फुटकी झीज. आमच्याकडे काळी माती संपली की मुरूम लागतो आणि त्याखाली पक्का खडक. या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत पावसाचे पाणी साठते. तिथे अंधार पूर्ण, पण अन्नाचा दुष्काळ नाही, कारण वरून पालापाचोळ्याचा अर्क झिरपत राहतो. आणि तरीही तिथले बरेच प्राणी डोळे गमावतात! पूर्वी समजत असत की उपासमारीमुळे शरीर काटकसर करते. डार्विनने तर गुहेतल्या आंधळेपणाचे कारण ‘न वापरणे’ एवढेच दिले होते. आता अंधार हेच मुख्य कारण मानण्याकडे कल आहे : डोळ्यात बिघाड झालेला जीव उजेडात टिकत नाही, अंधारात त्याचे काहीच अडत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या बिघाड साचत जातो. बस्तरमधल्या कोटमसर गुहेतला मासा पाहा. १८७२ मध्येच फ्रान्सिस डे यांनी पुण्याच्या ज्या माशाचे वर्णन केले, त्याच जातीचा म्हणून तो अभ्यासला गेला. गुहेत मात्र तो फिकट पडला, डोळे बारीक झाले.

विहिरीतल्या जीवांकडे आपले लक्ष गेले ते भीतीने. नारू आठवतो? पायऱ्यांच्या विहिरीत रोगी पाय बुडवी, अळ्या पाण्यात पडत, त्या सायक्लॉप्स गिळे आणि सायक्लॉप्ससकट पाणी आपण पीत असू. वर्षभराने हातभर दोरा पायातून बाहेर! तो काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळायचा. दुहेरी फडक्याने पाणी गाळणे, पायऱ्या बुजवणे, विहिरीत औषध टाकणे, या साऱ्याने तो गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ चा, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. फार मोठे काम झाले ते. त्यात मेलेल्या इतर जीवांची नोंद कोणी ठेवली नाही, आणि त्या वेळी ठेवावी असे मीही म्हटले नसते.

नारू गेला तरी विहिरी बुजतच आहेत. आमच्या गल्लीतला एक जुना विद्यार्थी परवा घरची विहीर बुजवायला निघाला. तीस हातांची, आजोबांनी खणलेली. ‘‘गुरुजी, बोअर आहे ना आता. पोरं पडतील उगाच.’’ पोरांचे त्याचे म्हणणे खरेच आहे. पण बोअर खोल खडकातले पाणी ओढते. वरच्या मुरुमातल्या थरात डोकावायची खिडकी विहीरच. ती बुजली की त्या थरात काय जगते ते बघायला कुणी जाणार नाही. मी त्याला लोखंडी जाळी बसवायला सांगितले. खर्च विचारला. मी निम्मे देतो म्हटले.

तो हसला. ‘‘गुरुजी, किड्यांसाठी?’’

‘‘हो,’’ म्हटले, ‘‘गोंडवनातले पाहुणे असतील कदाचित.’’

जाळीचे माप घेऊन झाले आहे. लोहार सोमवारी येतो म्हणाला.