जयवंत दळवी

जयवंत द्वारकानाथ दळवी (१४ ऑगस्ट, १९२५ : हडफडे, गोवा – १६ सप्टेंबर, १९९४ : मुंबई) हे मराठी नाटककार, कादंबरीकार, कथाकार व विनोदी लेखक होते. 'ठणठणपाळ' या टोपणनावानेही त्यांनी लेखन केले. संध्याछाया, बॅरिस्टर, सूर्यास्त, महासागर, पुरुष आणि नातीगोती ही त्यांची प्रमुख नाटके होत.

जीवन

दळवींचे बालपण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्यालगतच्या आरवली या गावी गेले. आरवली हे वेतोबाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. शालेय शिक्षणासाठी त्यांना शिरोडा जवळचे होते. मिठागरांचे हे गाव १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे सर्वत्र परिचित झाले. वि.स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात येथील शाळेत शिक्षक होते. या परिसरातील माणसे, त्यांच्या लहरी आणि त्यांची दुःखे दळवींनी सारे प्रवासी घडीचे (१९६४) या पुस्तकात रंगवली.

पुढे मुंबईत त्यांनी 'प्रभात' व 'लोकमान्य' या दैनिकांत उपसंपादक म्हणून काम केले. त्यानंतर ते अमेरिकेच्या माहिती खात्यात (यूसिस) नोकरीस होते. अमेरिकन पुस्तकांचे मराठी अनुवाद करवून घेण्याच्या कामात तेथे त्यांचा मोठा वाटा होता. १९७५ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली व उर्वरित आयुष्य लेखनाला दिले.

कथा, कादंबरी व सदरलेखन

गहिवर हा त्यांचा आरंभीचा कथासंग्रह. मुंबईतील झोपडपट्टीचे जीवन मांडणाऱ्या चक्र (१९६३) या कादंबरीने त्यांना कादंबरीकार म्हणून मान्यता मिळाली. स्वगत, महानंदा, अथांग, अल्बम या त्यांच्या इतर कादंबऱ्या आहेत. 'ललित' मासिकातील 'घटका गेली पळे गेली' या सदरात त्यांनी ठणठणपाळ या नावाने साहित्यव्यवहाराची खेळकर थट्टा केली. वसंत सरवटे यांनी रेखाटलेला हातोडाधारी ठणठणपाळ वाचकांच्या चांगलाच परिचयाचा झाला.

नाट्यलेखन

नाटककार म्हणून दळवींची ओळख वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर झाली. संध्याछाया (१९७३) हे नाटक गोवा हिंदू असोसिएशनने विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या नाना-नानी या वृद्ध दांपत्याचे एकाकीपण हा त्याचा विषय. नोकरीसाठी मुले परदेशी जाऊ लागली होती, त्या काळातील मध्यमवर्गीय प्रेक्षकाला तो आपल्याच घरातला वाटला.

बॅरिस्टर (१९७७) हे नाटक त्यांच्याच अंधाराच्या पारंब्या या कादंबरीवर आधारलेले आहे. विधवांच्या केशवपनाला विरोध करणारा सुशिक्षित बॅरिस्टर घराण्यातील वेडाच्या वारशापुढे मात्र हतबल ठरतो. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या या प्रयोगातील विक्रम गोखले यांची प्रमुख भूमिका गाजली. पुरुष (१९८२) या नाटकात सत्ताधारी पुढाऱ्याने बलात्कार केलेल्या शिक्षिकेचा संघर्ष व तिने घेतलेला सूड आहे. यातील गुलाबरावाची भूमिका नाना पाटेकर यांनी, तर अंबिकेची रीमा लागू यांनी केली. सूर्यास्त या नाटकात जुना गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक आणि सत्तेवर असलेला त्याचा मुलगा समोरासमोर येतात; त्यातील निळू फुले यांची भूमिका विशेष गाजली. नातीगोती हे नाटक मतिमंद मुलाच्या आई-वडिलांच्या प्रेमाचा व थकव्याचा एकाच वेळी विचार करते.

वैशिष्ट्ये

वेड, दडपलेली वासना, वार्धक्य आणि एकाकीपणा हे विषय दळवींच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतात. ठणठणपाळाचा मिस्कीलपणा आणि या नाटकांतील काळोख एकाच लेखकाचे असावेत, याचे अनेकांना आश्चर्य वाटे. तथापि दोन्हींच्या मुळाशी माणसाच्या विसंगतीबद्दलचे कुतूहल आहे. दळवींची पात्रे बहुधा चांगली किंवा वाईट नसतात. ती परिस्थितीने वा स्वतःच्या स्वभावाने कोंडलेली असतात. प्रायोगिक रंगभूमीला शोभणारे विषय त्यांनी व्यावसायिक रंगभूमीच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवले, हे त्यांचे महत्त्वाचे योगदान होय.

रूपांतरे

• चक्र – रवींद्र धर्मराज दिग्दर्शित हिंदी चित्रपट (१९८१). यातील भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.
• महानंदा – या कादंबरीवर शं.ना. नवरे यांनी गुंतता हृदय हे हे नाटक लिहिले.
• बॅरिस्टर – विजया मेहता दिग्दर्शित हिंदी चित्रपट रावसाहेब.
• दुर्गी – या नाटकावर आधारित उत्तरायण हा मराठी चित्रपट (दिग्दर्शक : बिपिन नाडकर्णी).