गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी तहसीलदारांना द्यावयाचा अर्ज दाखवावयास आला. पऱ्हाटी पाण्याखाली गेली होती. अर्ज दोन ओळींचा: 'नुक. झाले. पं. करा, प्लीज.' मी विचारले, "पं. म्हणजे पंचनामा की पंचायत?" तो ओशाळला. पण माझे अर्धवट पत्र टेबलावर पडले होते, त्याच्या मायन्यावर बोट ठेवून म्हणाला, "मंग हे काय आहे जी, सर? सा. न. वि. वि.?"

प्रश्न बिनतोड होता. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे मी सांगितले; परंतु ज्याला आपण शिष्टसंमत लेखन म्हणतो ते मुळात कारकुनाच्या घाईतूनच घडले आहे, हेही कबूल करावे लागले. मोडी लिपीच घाईची. आधी ओळ आखून घ्यायची आणि हात न उचलता अक्षरे तिला लटकावीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही. राजमान्य राजश्रींचे 'रा. रा.' झाले, तीर्थरूपांचे 'ती.'. पेशवाईतल्या पत्रांत मुसलमानी महिन्याच्या तारखेपूर्वी नुसता 'छ' येतो, तो चंद्राचा. मात्र 'छ' लिहिणाऱ्याला पूर्ण शब्द ठाऊक असे आणि वाचणाऱ्यालाही. मायन्यावरून नाते कळे, वय कळे. (कधी नको तेही कळे. 'गं. भा.' ही दोन अक्षरे बाईचे वैधव्य पोस्टमनपर्यंत पोहोचवीत. ती गेली, बरे झाले.)

पुढे तार आली आणि शब्दागणिक पैसे पडू लागले. शुभेच्छांची वाक्ये ठरलेली, त्यांना क्रमांक, दिवाळीचा पहिला. तारबाबूला आकडा सांगितला की पुरे. ती तार 2013 च्या जुलैत बंद झाली. तोवर मोबाइल हाती आले होते. त्यांच्या एका संदेशात रोमन अक्षरे 160 मावत, देवनागरी अवघी 70. मराठी माणसाने मराठी रोमनमध्ये कोंबली, स्वर गाळले, यात निव्वळ आळस नव्हता, हिशेबही होता. आज ती अट जाचत नाही, सवय तेवढी राहिली.

एका अक्षराची किंमत आमच्या जिल्ह्याला तरी ठाऊक असावी. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास आले. टपाल मात्र बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागले. दोन्हीकडे जाणारी रेल्वेही एकच. शेवटी 1940 मध्ये गावाचेच नाव बदलून सेवाग्राम करावे लागले. महात्म्याच्या पत्रांची ही गत, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या 'पं.'ला कोण विचारतो?

मी त्याला अर्ज पुन्हा, पूर्ण शब्दांत लिहावयास बसविले. गट क्रमांक आला, क्षेत्र आले, पाणी किती दिवस साचले तेही आले. दुसरा कागद द्यावा लागला. पाऊस नेमका कोणत्या तारखेला पडला तिथे मात्र तो अडला, आणि अंगणात जाऊन त्याने बापाला फोन लावला.